पिटात उभं राहून

संपादकांनी या वर्षीचा विषय सांगितला: 'प्रेक्षक'. नाटक करणाऱ्यांवर सगळेच लिहितात, बघणाऱ्यांवर कोण लिहिणार, असं त्यांचं म्हणणं. माझ्या डोक्यात लगेच एकच जागा आली. लंडनला थेम्सच्या दक्षिण काठावर एक गोल नाट्यगृह आहे. तिथे प्रत्येक प्रयोगाला सातशेपर्यंत माणसं तिकीट काढून उभी राहतात. खुर्ची नाही, डोक्यावर छप्पर नाही. पाऊस आला तर छत्री उघडायची नाही, पाय भरून आले तरी खाली बसायचं नाही. नाटक असतं तीन तासांचं. या उभ्या जागेवरून, म्हणजे पिटातून, शेक्सपिअर जसा भेटतो तसा महागड्या खुर्चीतून भेटत नाही, असं माझं मत आहे आणि ते बदलायचा माझा विचार नाही.

भाची लंडनला नोकरी करते. तिला फोन केला. "मावशी, तुझ्या गुडघ्यांचं काय?" हा तिचा पहिला प्रश्न. दुसरा, "त्याच पैशात दोन पिक्चर नाही का होणार?" शेवटी तिकिटं तिनेच काढली, उभ्याची. स्वतःचंही काढलं, पण मध्यंतरात घरी जायची मुभा मागून घेतली.

नाटक 'मच अडो अबाउट नथिंग'. म्हणजे बेनेडिक आणि बिआट्रिस, एकमेकांना शब्दांनी ओरबाडणारी आणि मित्रमंडळींनी लबाडी करून प्रेमात पाडलेली जोडी.

दारातल्या बाई

सेंट पॉलच्या कळसासमोरचा पादचारी पूल ओलांडला की उजव्या हाताला टेट मॉडर्न, जुन्या वीजकेंद्रातलं कलादालन. डाव्या हाताला थोडं चालल्यावर पांढऱ्या भिंती, काळसर लाकूड आणि गवताने शाकारलेलं गोल छप्पर दिसतं. हेच ग्लोब. गर्दीत शाळेच्या सहलीची पोरं होती, पाठीवर पिशव्या लावलेले पर्यटक होते, आणि रांगेत सगळ्यांच्या पुढे, दार उघडायच्या कितीतरी आधी आलेली पक्की मंडळी होती. त्यांना बघूनच मी भाचीला पुढे ढकललं. ही माणसं कशासाठी आली आहेत ते मला ठाऊक होतं. रंगमंच जमिनीपासून साधारण छातीइतका उंच आहे. अगदी पुढे जागा मिळाली तर त्याच्या कडेवर कोपरं टेकवता येतात. तीन तास उभं राहणाऱ्याला तेवढा आधार लाखमोलाचा.

दारावरच्या बाई सत्तरीच्या असाव्यात. इथले हे मदतनीस स्वयंसेवक असतात, बिनपगारी. त्यांची नजर मात्र पोलिसाची. "तुम्ही पाणी प्यायलात का?" त्यांनी मला विचारलं. उन्हात उभ्या राहणाऱ्यांना चक्कर येते, आणि कोण पडणार हे चेहऱ्यावरून पाच मिनिटं आधी कळतं, असं त्या म्हणाल्या. २०१४ साली इथे 'टायटस अँड्रॉनिकस' लागलं होतं. हात तोडणं, जीभ कापणं, सगळं रक्ताळलेलं. त्या प्रयोगांना प्रेक्षक पटापट बेशुद्ध पडत होते, त्याच्या बातम्या झाल्या होत्या. मी त्याबद्दल विचारलं तर बाई हसल्या. "ऊन आणि रक्त दोन्ही एकदम नको," म्हणाल्या, आणि मागच्या पोराला खाली बसू नकोस म्हणून दटावायला निघून गेल्या.

बसू का देत नाहीत? गर्दीत कुणी बसलं तर बाकीचे त्याच्यावर अडखळतात, हे एक. दुसरं कारण नाटक सुरू झाल्यावर कळलं. नट अधूनमधून प्रेक्षकांतूनच येतात. ढोल वाजतो, स्वयंसेवक हाताने वाट करतात, आणि आपण सरकेपर्यंत एक आख्खी वरात खांद्याला खांदा घासत निघून जाते.

उभ्याचं तिकीट अनेक वर्षं ५ पौंड होतं, आणि लंडनच्या इतर नाट्यगृहांच्या मानाने ते अजूनही स्वस्तच आहे. १५९९ च्या सप्टेंबरात थॉमस प्लॅटर नावाच्या एका स्विस प्रवाशाने इथल्या नाट्यगृहांचा हिशेब टिपून ठेवला. उभं राहायला एक पेनी. बसायचं तर आणखी एक. उशी हवी, चांगली जागा हवी, तर तिसरी. चारशे वर्षांनंतरही ग्लोबमध्ये बाकांना पाठ नाही आणि उशी भाड्याने मिळते. वरच्या गॅलरीतले लोक ती काखेत मारून जिने चढत होते. आम्ही पिटातले त्यांच्याकडे जरा तुच्छतेनेच बघत होतो.

एका अमेरिकन माणसाचा हट्ट

हे नाट्यगृह जुनं नाही. जुनं ग्लोब १५९९ साली उभं राहिलं, तेही चोरीच्या वाटाव्यात अशा लाकडांतून. नदीच्या उत्तरेला शोरडिचमध्ये बर्बेज कुटुंबाचं 'द थिएटर' होतं. जमिनीचा करार संपला, जमीनमालक अडून बसला. तेव्हा १५९८ च्या डिसेंबरात मंडळींनी सुतार बरोबर घेऊन अख्खं नाट्यगृहच उतरवलं आणि त्याची तुळया-खांबं नदीपलीकडे आणून ग्लोब बांधलं. दक्षिण काठावर शहराच्या अधिकाऱ्यांचा हुकूम चालत नसे. म्हणून तिथे नाटकं होती, अस्वलांच्या झुंजी होत्या, कुंटणखानेही होते. १६१३ साली 'आठवा हेन्री'च्या प्रयोगात तोफ उडवली, ठिणगी गवताच्या छपरात गेली आणि सगळं जळून गेलं. माणसं वाचली. एकाच्या विजारीने पेट घेतला, ती बाटलीतल्या बिअरने विझवली, असं एका समकालीन पत्रात आहे. वर्षभरात पुन्हा बांधलेलं ग्लोब १६४२ मध्ये प्युरिटनांनी सगळी नाट्यगृहं बंद केली तोवर चाललं, आणि मग पाडलं गेलं.

१९४९ साली सॅम वॉनामेकर नावाचा अमेरिकन नट लंडनला आला आणि ग्लोबची जागा शोधत गेला. त्याला सापडली दारूच्या कारखान्याच्या भिंतीवरची एक काळवंडलेली पाटी. एवढंच? असं त्याला वाटलं, आणि पुढचं सगळं आयुष्य त्या 'एवढंच'वर गेलं. १९७० मध्ये न्यास काढला. पैसे जमेनात, इंग्लिश विद्वान आणि नाटकवाले त्याला हसायचे: अमेरिकन माणूस शेक्सपिअरची जत्रा भरवणार! नदीकाठची जागा स्थानिक कौन्सिलच्या रस्ते झाडणाऱ्यांच्या वापरात होती. ती मिळवायला त्याला कोर्टात जावं लागलं. १९९३ च्या डिसेंबरात तो वारला तेव्हा नाट्यगृह अर्धवट होतं. ते रीतसर उघडलं १९९७ मध्ये.

बांधलं मात्र अस्सल पद्धतीने. ओलं ओक लाकूड, सांधे कुसांचे, खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या. भिंतींना चुन्याचा गिलावा. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर लंडनमध्ये गवती छप्पर घालायला मनाई होती. या इमारतीला तेव्हापासून पहिल्यांदा ती सूट मिळाली. छपरावरून पाण्याचे फवारे डोकावताना दिसतात, ती त्या परवानगीची किंमत. नकाशा कुठून आणला? थोडं उत्खनन, थोडी जुनी रेखाचित्रं, थोडा तर्क. हॉलर या चित्रकाराने काठावरच्या चर्चच्या मनोऱ्यावरून काढलेलं दृश्य सगळ्यात विश्वासाचं, पण छापताना त्यावर ग्लोब आणि अस्वलांचा आखाडा यांची नावं अदलाबदल झाली. साडेतीनशे वर्षांनी आलेल्यांनी ती निस्तरायची!

सरकारचं नेमाचं अनुदान या नाट्यगृहाला नाही. तिकीट, दुकान, शिकवण्या आणि देणग्या यांवर गाडा चालतो. २०२० च्या साथीत तो रुतलाच होता, तातडीच्या सरकारी मदतीने वाचला. २०२१ मध्ये दारं उघडली तेव्हा अंतर राखायचं म्हणून पिटात चक्क खुर्च्या मांडल्या होत्या.

उजेडात दोघेही

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे तिसरी घंटा होते आणि अंधार पडतो. त्या अंधाराची आपल्याला इतकी सवय आहे की तो नाटकाचाच भाग वाटतो. शेक्सपिअरच्या काळी तीनदा तुतारी वाजायची आणि नाटक दुपारी, भर उजेडात सुरू व्हायचं. ग्लोबमध्ये संध्याकाळच्या प्रयोगालाही दिवे असतात ते नट-प्रेक्षक दोघांवर सारखे. मी नटाला बघते, नट मला बघतो. नुसता बघत नाही, माझ्याशी बोलतो.

बेनेडिक बागेत लपून मित्रांचं बोलणं ऐकतो. ती बतावणी आहे हे आपल्याला माहीत, त्याला नाही. मित्र गेल्यावर तो एकटा उरतो आणि स्वतःला पटवू लागतो की ती माझ्यावर मरते, तर मीही प्रेम करायला हवं. पुस्तकात हे स्वगत आहे. अंधाऱ्या नाट्यगृहात नट ते समोरच्या काळोखाकडे बघून म्हणतो. इथे मात्र तो पुढे आला, कडेवर बसला आणि आमच्या शेजारच्या टकल्या गृहस्थांकडे बघून पहिली सबब सांगितली. गृहस्थ हसले. ती चालली असं पाहून त्याने दुसरी सबब एका शाळकरी मुलीला सांगितली. तिने मान हलवली, नाही म्हणून. नट थांबला. क्षणभर खरोखर खट्टू झाला आणि तिसरी, जरा भारदस्त सबब घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात गेला. एक शब्दही पदरचा घातला नाही. चारशे वर्षांपूर्वीचा मजकूर जसाच्या तसा होता, आणि तो त्या मुलीच्या नकाराला दिलेलं उत्तर होता.

माझा मुद्दा एवढाच आहे. शेक्सपिअरची स्वगतं ही मनातल्या मनात बोललेली नाहीत. ती कुणाला तरी विचारलेली आहेत. हॅम्लेट मी भित्रा आहे का असं विचारतो, तेव्हा ज्यांना विचारतो ती माणसं समोर उभी असतात आणि त्याला दिसत असतात. त्यांनी गप्प बसणं हेही उत्तरच. अंधार केल्यावर हे प्रश्न नटाच्या डोक्यात शिरले आणि तत्त्वज्ञान झाले. मग आम्हा विद्यार्थ्यांना त्यावर निबंध लिहावे लागले.

उत्तरार्धात ही ओळख वसूल होते. देवळात, लग्नाच्या बोहल्यावर, नवरदेव क्लॉडिओ खोट्या आळावर विसंबून वधूला, म्हणजे बिआट्रिसची चुलत बहीण हिरो हिला, सगळ्यांसमोर बदफैली ठरवतो. मघाशी ज्या नटांबरोबर आम्ही खिदळत होतो तेच आता आमच्याकडे बघून तिची लाज काढत होते. आम्ही साक्षीदार. कुणाला कुठे बघावं कळेना. मग सगळे गेल्यावर बिआट्रिस आणि बेनेडिक दोघंच उरतात, प्रेमाची कबुली होते. तुझ्यासाठी काय करू असं तो विचारतो, आणि ती म्हणते, क्लॉडिओला मार. इंग्रजीत दोनच शब्द. या दोन शब्दांवर प्रेक्षक हसतात. नटांच्या पिढ्यान् पिढ्या त्या हशाला घाबरत आल्या आहेत. इथेही हसले. पण बिआट्रिसने तो हशा अडवला नाही. तिने तो ऐकून घेतला, हसणाऱ्यांकडे एकदा बघितलं, आणि हशा वाटेतच मोडला. भाची माझ्या दंडाला धरून उभी होती. मध्यंतर कधीच होऊन गेलं होतं आणि ती घरी गेली नव्हती.

हे सगळं रोज जमतं असं मात्र नाही. पिटाला हसवणं सोपं आहे, आणि ती चटक लागलेले नट मी इथेच पाहिले आहेत. एकेक विनोद ओढून ताणून चालवतात, प्रेक्षकांशी लगट करतात, आणि ज्या पद्यासाठी आपण आलो ते कुठल्या कुठे वाहून जातं. शिवाय वरून हेलिकॉप्टर जातं, विमानं जातात. चांगला नट थांबून वर बघतो आणि पुढचं वाक्य त्यालाच सुनावतो. वाईट नट ओरडतो.

खांब आणि नकला

रंगमंचावर पुढे दोन जाडजूड खांब आहेत, लाकडाचे, पण संगमरवरासारखे रंगवलेले. त्यांच्यावर छत, त्यावर राशी-नक्षत्रं चितारलेली. हे त्यांचं आकाश. नाट्यगृह उघडलं तेव्हा नट या खांबांवर फार चिडले होते म्हणतात. कुठेही उभे राहा, कुणाला तरी दिसत नाही. पण खांबांमुळेच नटाला एका जागी ठाण मांडता येत नाही. तो तिरक्या रेषेत सरकत राहतो, आत आणि बाहेर. नेपथ्याचा बदल नाही की काळोख नाही, एक प्रवेश संपता संपता दुसऱ्यातली माणसं बोलत बोलत आत येतात. नाटक त्यामुळे धावतं. लपायला खांब असतोच. बेनेडिक त्याच्याच मागे होता.

त्या वेळच्या नटांना अख्खं नाटक हातात मिळत नसे. फक्त आपली वाक्यं आणि प्रत्येकाच्या आधी समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. कागद महाग, लेखनिक महाग, आणि पूर्ण प्रत दुसऱ्या कंपनीच्या हाती लागायची भीती. तिथल्या व्यावसायिक रंगभूमीचं असं एकच बाड आज उरलं आहे, एडवर्ड ॲलिन या नटाचं, लंडनच्या डलिच कॉलेजात. मराठी नाटक कंपन्यांचा इतिहास वाचलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. आपल्याकडेही नटांना नकलाच मिळायच्या. समोरचा नक्की काय म्हणणार हे माहीत नसलेला नट कान टवकारून ऐकतो. ते ऐकणंही उजेडातल्या प्रेक्षकाला दिसतं.

मार्क रायलन्स हा ग्लोबचा पहिला कलासंचालक. त्याने 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये ऑलिव्हिया केली. सगळी पात्रं पुरुषांनी केलेली, कपडे त्या काळच्या पद्धतीने हाताने शिवलेले. घोळदार काळ्या झग्याखाली पाय इतके बारीक टाकायचा की बाई चालत नाही, घरंगळते आहे असं वाटे. २०१२ च्या प्रयोगाचं चित्रण मी पाहिलं आहे. त्यात ऑलिव्हियाइतकीच पाहण्यासारखी आहेत ती पुढच्या रांगेतली डोकी. बालगंधर्वांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांनी ते जरूर पाहावं. पुढे न्यूयॉर्कला याच भूमिकेसाठी त्याला टोनी मिळालं.

या घरात उजेडावरून भांडणही झालं आहे. २०१६ मध्ये कलासंचालक एमा राइस यांनी रंगीत दिवे आणि ध्वनिवर्धक आणले. प्रेक्षक खूश होते, तिकिटं खपत होती, तरी त्याच वर्षी न्यासाने जाहीर केलं की त्यांच्यानंतर नाट्यगृह सारख्या उजेडाकडे परत जाईल. कलावंताचे हात बांधले म्हणून लोक संतापले. मला दोन्ही बाजू पटतात, पण दिवे लावून करायची नाटकं लंडनमध्ये पन्नास ठिकाणी होतात, हेही खरं. शेजारीच, त्याच वास्तूत, २०१४ पासून सॅम वॉनामेकरच्या नावाचं छोटं बंदिस्त नाट्यगृह आहे. तिथे हिवाळ्यात मेणबत्त्यांवर नाटक होतं. झुंबरं दोरीने खाली-वर करतात, आणि नट स्वतःची मेणबत्ती स्वतःच्या चेहऱ्याजवळ धरतो. तिथल्या 'मॅकबेथ'बद्दल बोलणारी माणसं आवाज खाली आणतात.

मढी उठतात

नाटक संपलं की इथे नाचतात. सुखान्त असो की शोकान्त. रंगमंचावर मढ्यांचा खच पडलेला असतो, टाळ्या सुरू होतात, आणि मग मढी उठतात, ढोल वाजतो, मारलेला आणि मारणारा हातात हात घालून फेर धरतात. भाचीला हे पटेना. "लिअरमध्येसुद्धा?" हो, लिअरमध्येसुद्धा. प्लॅटरने १५९९ मध्ये 'ज्युलियस सीझर' पाहिलं. नाटक संपल्यावर चौघे नट, दोघे बायकांच्या कपड्यात, फार छान नाचले असं त्याने लिहून ठेवलं आहे. सीझरच्या जखमांबद्दल एक अक्षर नाही. मला तो माणूस आवडतो.

मुंबईची मंडळी

२०१२ च्या ऑलिंपिकच्या उन्हाळ्यात ग्लोबने सगळ्या जगाला बोलावलं. सदतीस नाटकं, सदतीस भाषा, सहा आठवडे. 'ट्रॉयलस अँड क्रेसिडा' माओरीत, 'सिम्बेलिन' दक्षिण सुदानच्या मंडळींनी जुबा अरबीत, 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट' चक्क खुणांच्या भाषेत. पाटीवर वाक्यांचा अनुवाद नव्हता, प्रवेशात काय घडतं एवढाच सारांश. मुंबईहून दोन मंडळी गेली. सुनील शानबाग यांनी 'ऑल्ज वेल दॅट एन्ड्स वेल' गुजरातीत नेलं, आणि अतुल कुमार यांनी 'ट्वेल्फ्थ नाइट' हिंदीत, 'पिया बहरूपिया' म्हणून. त्यातली व्हायोला गीतांजली कुलकर्णी. मी ते नंतर मुंबईत पाहिलं. ढोलक, पेटी, सगळे नट मागे बसून गाणारे. अनुवाद करणारे अमितोष नागपाल स्वतः सेबास्टियन. ते मध्येच पुढे येऊन प्रेक्षकांकडे गाऱ्हाणं मांडतात की एवढं भाषांतर मी केलं आणि माझ्याच वाट्याला इतकी लहान भूमिका! विलायती पंडितांना यात भारतीय लोकनाट्य दिसलं असेल. मला ते तंतोतंत ग्लोबसाठी लिहिल्यासारखं वाटलं. आपल्या तमाशा-नौटंकीला अंधारातला प्रेक्षक कधी ठाऊकच नव्हता.

त्या यादीत हिंदी, गुजराती, बंगाली, उर्दू आहेत. मराठी नाही. आता हे मला लागतं. आगरकर टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात होते तेव्हा त्यांच्या हातात 'हॅम्लेट' होतं. त्याचं 'विकारविलसित' १८८३ मध्ये छापून आलं. गणपतराव जोशींनी शाहूनगरवासी मंडळीत तो हॅम्लेट गाजवला. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, 'टेमिंग ऑफ द श्रू'ची 'त्राटिका' झाली. पिटातल्या प्रेक्षकाला हे सगळं कळत होतं आणि तो ते मोठ्याने सांगतही होता. एवढी पुण्याई असून बोलावणं नाही!

मग नाट्यगृहातून स्टेशनापर्यंत आम्ही भांडलो ते यावरच. मराठीतून तिथे काय न्यावं? भाची म्हणाली, 'नटसम्राट'. सुरुवातच बेलवलकरांच्या सत्काराच्या भाषणाने होते, समोरचे प्रेक्षक म्हणजेच सत्काराला जमलेले लोक, मग उजेड हवाच ना? मुद्दा बिनतोड होता, पण मी कबूल केला नाही. मी म्हटलं, 'त्राटिका'. प्रतापराव आणि त्राटिका त्या खांबांभोवती एकमेकांच्या मागे पळतील. आणि शेवटी नवऱ्यापुढे वाकण्याचं ते भाषण आजच्या मुलींच्या चेहऱ्यांकडे बघून म्हणायला लागलं की नटीची खरी परीक्षा आहे. "मी समोर असले तर मान हलवीन," भाची म्हणाली, "नाही म्हणून." गाडी आली. दारात शिरता शिरता तिने फोन काढला आणि पुढच्या शनिवारच्या दुपारची दोन उभी तिकिटं काढली. कोपरं टेकवायची जागा धरायची तर निदान तासभर आधी पोचायला हवं, हे मीच तिला सांगितलं होतं. तिने ते दोन तास केलं.